फ्रिजचा गॅस वर कसा चढतो

तीस वर्षं फळ्यावर लिहिल्याचं फळ म्हणून गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. बायको सकाळी शर्टाची बाही धरून उभी राहायची आणि विचारायची, "डबा भरलाय, रडणार नाहीस ना?"

शेवटी मुलुंडच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. बोटांनी एकेक रेघ चढत हात वर न्यायचा. मी दुसऱ्या रेघेवर अडकलो.

"दुसरा मजला," बाई म्हणाल्या. "काळजी करू नका सर, लिफ्टने जाईल."

मी हसलो आणि मग हसायचा थांबलो. हे वाक्य माझं होतं.

तेवीस वर्षांपूर्वी मी घाटकोपरला दहावीचे क्लास घ्यायचो. एका संध्याकाळी ओझोनचा धडा चालू होता. फ्रिजमधला गॅस हवेत सुटतो, वर जातो आणि ओझोनचा नाश करतो, असं मी बाण काढून सांगितलं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिचे वडील फ्रिज दुरुस्त करायचे.

"सर, बाबा म्हणतात तो गॅस हवेपेक्षा चौपट जड असतो. सोडला की लादीवर पसरतो. मग एवढा वर चढतो कसा?"

मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात हवा म्हणजे एक चाळ होती. जड वायू तळमजल्यावर, हलके माळ्यावर. त्या हिशोबाने पोरीचंच बरोबर होतं. पण पन्नास मुलं माझ्याकडे बघत होती.

"लिफ्टने जातो," मी म्हणालो. "कुठल्या मजल्यावर थांबते ते बाबांनाच विचार घरी."

वर्ग खदखदून हसला. वर्षभर पोरं तिला 'लिफ्ट' म्हणत राहिली. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर तिने एकदाही हात वर केला नाही, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

इथपर्यंतचं मी कधीमधी बायकोला सांगितलंय. पुढचं नाही.

त्याच रविवारी मी पार्ल्याच्या एका लायब्ररीत जाऊन उत्तर शोधलं. दोन तास लागले. वजनाप्रमाणे थर लागायचे तर हवा आधी स्वस्थ बसायला हवी, आणि ती बसत नाही. ताक ढवळत राहिलात तर तळाशी काही साचतं का? तसंच. ऊन आणि वारे खालची हवा सतत घुसळत असतात. आपल्यासारख्या उष्ण भागातले उंच ढग तिला वरच्या थराच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. तिथून पुढे कारभार सरकारी फाइलीसारखा, वर्षानुवर्षं सावकाश. हा गॅस वाटेत पावसात विरघळत नाही, कशाने मोडत नाही. पार वर गेल्यावर कडक ऊन त्याला फोडतं आणि मग तो ओझोनच्या मुळावर येतो. ही घुसळण साधारण शंभर किलोमीटरपर्यंत चालते. त्याच्याही वर गेलं तरच वायू वजनाप्रमाणे वेगळे होतात. म्हणजे माझी चाळ होती, फक्त पत्ता चुकला होता.

सोमवारी ते टिपण खिशात घेऊन मी वर्गात गेलो. ती मान खाली घालून बसली होती. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षा झाली, ती गेली. पुढच्या वर्षीच्या मुलांना मात्र मी काचेच्या बरणीत ताक घुसळून हेच शिकवलं. तो धडा गाजला. मुलं धाकट्या भावंडांना सांगायची, सरांचं ताक चुकवू नका. हे कसं सुचलं, असं कोणी विचारलं की मी नुसता हसायचो. बावीस वर्षं हसलो.

तर मुलुंडला, त्याच मुलीसमोर, मी आठ दिवस गप्प राहिलो. ती गप्प नव्हती. "आज चौथा मजला सर. पुढच्या मजल्यांना पालिकेची ओसी मिळाली नाही वाटतं." नवव्या दिवशी खांद्यावर शेक चालू होता, उठून पळताही येत नव्हतं. तेव्हा बोललो.

"त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं."

"ते कळलं होतं. तुम्ही डस्टर शोधत होतात आणि डस्टर तुमच्या हातात होतं."

मग मी रविवारचं सांगितलं. टिपणाचं आणि ताकाचंही. हे तिला माहीत नव्हतं. ती शेकाची पिशवी सरळ करत होती, तो हात थांबला.

"सोमवारीच तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी शेवटच्या बाकावर होते, सर. दहा पावलं."

मग तीच म्हणाली, "मला नका सांगू आता. बाबांना सांगा. तुम्ही विचार म्हणालात, म्हणून मी विचारलं. त्यांना वाटलं, सरांनी खरंच विचारलंय. आठवडाभर मेकॅनिक लोकांना विचारत फिरत होते. अजून मधेच त्यांच्या मालवणीत म्हणतात, सरांका उत्तर गावला काय गो?"

तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बोला सर," पलीकडून म्हातारा आवाज आला. "चढता काय तो वर?"

मी सगळं सांगितलं. ताक, ढग, शंभर किलोमीटर.

"म्हणजे मी सोडलेलो गॅस पण वर गेलो."

आकाश केवढं मोठं, तुमचा गॅस केवढासा, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"गेला," मी म्हणालो. "सगळ्यांचाच गेला. आता तो गॅस बंद झालाय. वरची जखम भरतेय, पण सावकाश."

"वर जाऊक किती वर्षां लागतत त्याका?"

"चार-पाच धरा."

"मग तो तुमच्या आधी पोचलो, सर."

ती हसली. नऊ दिवसांत मला चिडवताना ती पुष्कळ हसली होती, हे हसणं तसं नव्हतं. मला हसायचा हक्क आहे की नाही ते ठरेना, म्हणून मी खांद्यावरची पिशवी नीट केली.

"उद्या बाबांना इथेच आणते," फोन ठेवून ती म्हणाली. "तुम्ही ताक आणि बरणी घेऊन या. आणि घुसळायचं उजव्या हाताने."