खाली माणूस हाय

विहिरीत उतरून मोटरी काढणाऱ्या माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवून परवडत नाही. गेली बारा वर्षं मी हदगाव तालुक्यातल्या विहिरींत उतरतोय. अमावस्येला उतरलोय, ‘तिथं काहीतरी आहे’ म्हणून लोक ज्या विहिरीचं पाणी पीत नाहीत तिथंही उतरलोय... गाळ आणि बेडकांशिवाय काही भेटलं नाही. इथं लोकांनी लिहिलेले भुतांचे अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो. आता माझाच लिहितोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

गंगाधर माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सुनीताचा, धाकटा भाऊ. मी कमरेला दोर बांधून खाली उतरतो, तो वर दोर धरतो. आमचा नियम एकच – मी स्वतः ‘आलो वर’ म्हटल्याशिवाय त्यानं दोर सोडायचा नाही. विहिरीवर जमलेली माणसं नाही नाही ते ओरडत असतात, ‘सोड’ काय, ‘थांब’ काय. त्यानं फक्त माझं ऐकायचं. पोरगा तसा धांदरट, फोन खिशात ठेवून घरभर शोधणारा. पण एकदा गांधीलमाश्यांनी तोंड फोडून काढलं, डोळे सुजून मिटले, तरी त्याच्या हातातला दोर हलला नाही. मी त्याच्या जिवावरच खाली उतरायचो.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघं समुद्र बघायला कोकणात गेलो. तिघांनीही आधी कधी पाहिला नव्हता. कड्यावर एक निसर्ग उद्यान आहे – नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय नको. करवंदीच्या जाळ्या, वानरं, उंच सुरूवर समुद्री गरुडाचं घरटं, आणि टोकाला लोखंडी कठडा. कठडा संपतो तिथून पुढं नुसती तांबडी माती, आणि मग कडा. खाली खडकांवर लाटा आपटत होत्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. लख्ख ऊन. सुनीता वानरांपासून धपाट्यांचा डबा वाचवत होती. गंगाधर कठडा संपतो तिथं उभा राहून खाली बघत होता.

“दाजी, केवढी हीर ही! हिची मोटर कोन काढनार?”

“तू धर, मी उतरतो,” मी म्हणालो.

का म्हणालो, कोण जाणे. गंमत होती. दोन-चार मिनिटांनी त्यानं कान टवकारले, खाली वाकला आणि दोन्ही मुठी एकापुढं एक आवळून मागं रेलला. मला वाटलं नक्कल करून राहिला. “ओढ, ओढ, देवमासा लागलाय,” असं म्हणून मी हसलो सुद्धा.

मग त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. त्याच्या टाचा मातीत रुतल्या होत्या आणि तो घसरत होता... पुढं, कड्याकडं. मातीत दोन चर पडत होते.

“गंगा! काय करून राहिला?”

“खाली मानूस हाय,” तो दात आवळून म्हणाला.

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. मी काही हलका माणूस नाही, पण मीही सरकलो. दोराला माणूस लटकला की ओढ कशी लागते ते मला माहीत आहे – सारखी नसते, खालचा पाय टेकायला बघतो तशी हिसक्याहिसक्यानं येते. तशीच येत होती. हे मी शपथेवर सांगतो. त्याच्या मुठीत मात्र काहीच नव्हतं.

“सोड रे! गंगा, सोड!” सुनीता रडत त्याच्या बोटांवर मारत होती. कडा हातभर राहिला होता. मीही ‘सोड’ म्हणूनच ओरडत होतो. आणि तो ऐकत नव्हता... कारण ऐकायचं नाही हे मीच त्याला बारा वर्षं शिकवलं होतं.

मी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडलो, “आलो वर!”

त्यानं तत्क्षणी मुठी उघडल्या. आम्ही दोघं मागं कोसळलो.

त्याच्या दोन्ही तळहातांची सालं आडवी निघाली होती. मी पोटावर सरपटत जाऊन खाली पाहिलं. खडक आणि फेस, माणूस नाही. आरडाओरडा ऐकून पळत आलेल्या रखवालदारानंही डोकावून पाहिलं, मग मातीतले ते चर पाहिले, आणि काही न विचारता आम्हाला फाटकापर्यंत आणून सोडलं.

परतीच्या वाटेवर सोलापूरला थांबलो. तिथं चहाच्या टपरीवर गंगाधर म्हणाला, “आवाज तुमचा होता, दाजी. ‘गंगा, ओढ’ म्हनलात. खालून.”

“अरे, मी तुझ्या मागं होतो!”

“हाव. मागूनबी तुमचाच आला.” पट्टी बांधलेल्या हातात त्याला कप धरवत नव्हता. “सोडल्यावर खालून परत म्हनलात – का सोडलंस?”

डॉक्टर म्हणाले प्रवासाचा शीण, ऊन, डोक्याला ताण. मी मानलंही असतं... पण ती ओढ मी स्वतः अंगावर घेतली आहे. तिचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

गंगाधरनं दोर धरणं सोडलं. दुसऱ्याच्या हातावर उतरायची माझी हिंमत होत नाही, म्हणून मीही आता दुकानात बसून नुसतं जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरतो. तो रविवारी घरी येतो, चहा घेतो, माझ्याशी ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलतो. परवा मी ओसरीत बसलो होतो आणि तो आत स्वयंपाकघरात बहिणीला हळूच विचारत होता,

“आक्का, दाजींचं सगळं पहिल्यासारखंच हाय का?”

“हाय की. का रे?”

“काही न्हाई. नीट बघत जा.”

मला उठून आत जायचं होतं, त्याला सांगायचं होतं की मीच आहे रे. पण खालून आलेला आवाजही माझाच होता, मग हे त्याला कशावरून पटवून द्यायचं, ते काही केल्या सुचेना.