कंपनीचाच काटा

काल अप्पांना इस्पितळातून घरी आणताना अण्णाच्या जुन्या गाडीतला तो नारिंगी मीटर पेटला आणि मला अंगणातली एक दुपार आठवली.

टर्बोचा दाब दाखवणारा कंपनीचा काटा नुसता अंदाजाने हलायचा. माझ्या या भावाने कितीतरी रविवार खपून आत खरा दाब मोजणारा सेन्सर जोडला होता. वरची तबकडी, आकडे, नारिंगी उजेड, सगळं मुद्दाम मूळचंच ठेवलं होतं. त्याच्या शर्टाला सोल्डरचा जळका वास येत होता. तिरुवैयारूहून मामा आले होते. त्यांच्यादेखत त्याने ॲक्सिलरेटर दाबला. काटा जरासा उठला.

"बघा अप्पा, कळतं का काही?"

अप्पा कॉफीचा पेला घेऊन वाकले. "फरक काहीच दिसत नाही रे."

अण्णाला याहून मोठी शाबासकी नको होती. तो खुदकन हसला.

"तुझ्यासारखंच झालं की," अप्पा अण्णाला म्हणाले आणि मामांकडे वळले. "वरून आमच्या घराण्याचं, आत कुणाचं कोण जाणे!"

अण्णा दत्तक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. मामा खो खो हसले. अण्णाने इंजिन बंद केलं. "सरी, अप्पा," बरं, एवढंच म्हणाला. मला वाटलं, त्याने मनावर घेतलं नाही.

काल राजवाड्याजवळच्या सिग्नलला अप्पांनी आरशात स्वतःचा सुकलेला चेहरा पाहिला. "आता जरा बरा दिसतो का रे मी?"

अण्णाने मान वळवून त्यांना नीट न्याहाळलं.

"फरक काहीच दिसत नाही, अप्पा."