एमसी शड्डू आणि गुंडाचा हात

अश्फाक मुलाणी बोलायला उभा राहिला की ऐकणाऱ्यानं आधी बूड टेकायला जागा शोधावी, हे आमच्या इस्लामपूरच्या पट्ट्यात लहानथोरांना ठाऊक आहे. माणूस तोंडाचा फटकळ, पण पोटात काही ठेवणारा नव्हे. बाप याकूबभाई आठवड्याच्या बाजारात शेरडं विकायचा. एकेका शेरडाचं तो असं कौतुक सांगायचा, की घेणाऱ्याला वाटावं आपण सोयरीकच ठरवायला आलोय. तोच गळा पोरानं उचलला. अंगापिंडानं मात्र अश्फाक मामांवर गेला होता, म्हणून बापानं त्याला बाजारातून उचलून केरबा वस्तादांच्या तालमीत नेऊन घातला.

केरबा वस्ताद म्हणजे बोलण्याच्या बाबतीत अश्फाकच्या अगदी उलट. दिवसभरात जे बोलायचे ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावलं असतं. तालमीचे त्यांचे नियमही थोडेच. मातीत पाय ठेवताना वाकायचं, व्यसन करायचं नाही, आणि मैदानात कुस्ती मारा नाहीतर मार खा, समोरच्याच्या हातात हात देऊनच बाहेर यायचं. हात न देता आला त्यानं पुन्हा तालमीच्या मातीत पाय ठेवायचा नाही. अश्फाकला पहिले दोन नियम जमले.

तसं त्याचं घोडं लोणंदच्या मैदानापर्यंत छान दौडत होतं. कुस्ती बरी करायचा, पण लोक खरे यायचे ते कुस्तीआधीचा तमाशा बघायला. आखाड्यात उतरला की निवेदकाच्या हातातला माईक हा काढून घ्यायचा आणि समोरच्या पैलवानाची, त्याच्या खुराकाची, त्याच्या म्हशीची आणि म्हशीच्या दुधाची लाज काढायचा. लोक पोट धरून हसायचे. लोणंदला त्याची जोड लागली होती गुंडा खरातशी. गुंडा तिथलाच, थोराड, मान खाली घालून उभा राहणारा गडी. अश्फाकनं माईकवर सांगितलं, "ह्याला आडवा करायला मला येळ लागनार न्हाई. हलगीवाल्या, तू फकस्त हलगी तापवून घे, वाजवायच्या आत मी मोकळा हुतोय."

मोकळा झाला, पण वेगळ्या अर्थानं. गुंडानं सलामी घेतली, काही न बोलता आत शिरला आणि घिस्स्याचा डाव असा मारला की अश्फाकला दिवसाढवळ्या आभाळ दिसलं. पडताना उजवा गुडघा खाली दबला. सगळं मैदान उभं राहून हसत होतं, आणि ह्या खेपेला ते अश्फाकच्या बाजूनं नव्हतं. गुंडानं त्याला उठवायला हात पुढं केला. अश्फाकनं तो हात झटकला आणि लंगडत, कुणाकडं न बघता, मैदानाबाहेर चालता झाला.

बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती. सकाळी तालमीच्या दारात वस्ताद उभे.

"हात दिऊन आलास?"

"न्हाई."

"मग भायेर."

एवढंच. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी एसटी धरून लोणंदला गेला असता आणि काम मिटवून आला असता. पण अश्फाकचा तोरा मोठा. मी का जाऊ, त्यानंच मला चोरून धरला, म्हणत बसला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली, आणि पैलवान परत बापाच्या शेरडांत येऊन उभा राहिला.

तिथंच त्याचं नशीब नव्यानं उघडलं म्हणायचं. बाजारात तो शेरडांची जाहिरात मांडीवर थापा मारत, ठेक्यात करायला लागला. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि फिरवलं. अश्फाकच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं स्वतःच्या शड्डूचा आवाज रेकॉर्ड करून घेतला, त्याच्यामागं हलगी लावली, रॅपवाल्यांसारखं नाव घेतलं एमसी शड्डू, आणि पहिलंच गाणं केलं ते ज्यानं पाडलं त्याच्यावर.

"लोणंदचा गुंडा, लोणंदचा गुंडा,
अंगानं ढोल आन् डोक्यात कोंडा.
माजा पाय घसरला, त्याची चांदी झाली,
आन् गावभर सांगतोय, म्या रोवला झेंडा."

ह्यात एक अक्षर खरं नव्हतं. गुंडानं गावभर काय, घरात तरी काही सांगितलं असेल का, शंकाच. पण गाणं असं पळालं की विचारू नका. गणपतीच्या मंडळात, कॉलेजच्या गॅदरिंगला, जत्रेच्या स्टेजवर, सगळीकडं एमसी शड्डू. काळा चष्मा आला, गळ्यात जाड पिवळी साखळी आली. त्याची बायको परवीन शिवणकाम करते, जिभेनंही टाके घालते. ती साखळी बघून म्हणाली, "आवं, ही एखाद्या बोकडाच्या गळ्यात शोभली असती. निदान त्याचा भाव तरी वाढला असता." अश्फाकनं ते वाक्य पुढच्या गाण्यात घातलं. दरवर्षी एक गाणं गुंडावर मात्र ठरलेलं. पब्लिकच ओरडायचं, गुंडा, गुंडा.

पण एक गोष्ट कुठल्या गाण्यात आली नाही. पहाटे घरामागून तालमीतला आवाज यायचा. पोरं माती उकरायची, एकमेकांना आदळायची, आणि अश्फाक अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचा, ह्यानं पाय नीट टाकला न्हाई, ह्याची मान सुटली. परवीन म्हणायची, जावा की मग. तो कूस बदलायचा. स्टेजवर कितीही नाचला तरी जीव त्या मातीत अडकला होता, आणि ती माती त्याला बंद होती.

यंदा केरबा वस्तादांनी स्वतः निरोप धाडला. वय झालं होतं, कमरेनं संप पुकारला होता. अश्फाक गेला आणि दारातच उभा राहिला.

"माज्यानं आता वाकवत न्हाई," वस्ताद म्हणाले. "पोरं तू घे. पर आदी हात दिऊन ये."

अश्फाकनं मान डोलावली. तोरा केव्हाच उतरला होता, फक्त सांगायला कुणी भेटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चष्मा आणि साखळी घरी ठेवून त्यानं लोणंद गाठलं.

गुंडा कांद्याच्या बाजारात हमाली करत होता. कुस्ती त्याचीही केव्हाच सुटली होती. पाठीवर पोतं घेऊन तो ट्रकच्या फळीवर चढत होता आणि खाली चहाच्या गाड्यावर उभा असलेला एक व्यापारी पाहुण्याला सांगत होता, "त्यो बगा, गाण्यातला गुंडा. व्हय, त्योच, लोणंदचा गुंडा." पाहुण्यानं मान उंचावून बघितलं, मोबाइल काढला. गुंडानं पोतं टाकलं, घाम पुसला आणि फोटोसाठी जरा सरळ उभा राहिला. अश्फाक हे सगळं कडेला उभा राहून बघत होता.

अश्फाकला बघून गुंडा ना चिडला ना दचकला. "आलास व्हय गड्या, चल, च्या घिऊ," म्हणत घरीच घेऊन गेला. त्याची मुलगी पायल कॉलेजला. तिनं दारात एमसी शड्डू बघितला आणि पाण्याचा तांब्या विसरून आधी सेल्फी काढला. "आमच्या वर्गात सगळे मला गुंडाची पायल म्हणतात," ती म्हणाली. रागानं नाही, मिरवत म्हणाली. मग तिनं पोह्यांची बशी पुढं ठेवली आणि नवीन गाणं कधी येणार, ते विचारून घेतलं.

ती आत गेल्यावर अश्फाकनं कामाचं काढलं. चुकलं माझं, म्हणाला. वस्तादांची अट सांगितली आणि हात पुढं केला.

गुंडा त्या हाताकडं बघत राहिला. "हितं नगं," तो म्हणाला. "मैदानात दिला न्हाईस, तर मैदानातच दे. तुमच्या जत्रंला येतो मी." चहाचा कप त्यानं फिरवून फिरवून रिकामा केला. "मंजी मग ते सपलंच म्हनायचं. गाणं."

"हात दिल्यावर कुठल्या तोंडानं म्हनू रं?"

"बरोबर हाय तुजं," गुंडा म्हणाला. कप खाली ठेवत म्हणाला, "पैलवानकी गेली की मानसाला कोन वळखत न्हाई बग. बाजारात एवढी मान्सं पोती उचलत्यात, कुनाचं नाव कुनाला म्हाईत हाय? माजं हाय. जाऊ दे. बरं झालं, मिटवून टाकू."

अश्फाक रात्रीच्या एसटीनं परतला. घरी आल्यावर परवीननं विचारलं, काम झालं का. तो व्हय म्हणाला आणि जेवला नाही. एवढी वर्षं आपण ज्याला शिव्या घातल्या, त्या शिव्यांवरच तो माणूस उभा होता, हे त्याला गिळवत नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला तालीम होती.

जत्रेच्या मैदानाला तोबा गर्दी झाली. गुंडा आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पायलला घेऊन. पंच कमिटीनं त्याला फेटा बांधला. वस्ताद खुर्ची टाकून आखाड्याच्या कडेला बसले होते. निवेदकानं सगळी हकिकत रंगवून सांगितली, लोणंदची कुस्ती, तो झटकलेला हात, आणि आज ते भांडण मिटतंय, टाळ्या वाजवा म्हणाला. दोघं मधोमध समोरासमोर आले. हलगी थांबली.

गुंडानं हात पुढं केला. हसून केला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. पोरीला सासरी लावताना बाप हसतो तसं काहीतरी होतं ते.

अश्फाकनं वस्तादांकडं बघितलं. त्यांच्या पायाशी तालमीतली पोरं दाटीवाटीनं बसली होती, उद्यापासून त्याची होणारी. मग त्यानं गुंडाकडं बघितलं. मग निवेदकाच्या हातातून माईक ओढून घेतला.

"हात?" तो गरजला. "कुनाला? ह्या ढोलाला? आरं, लोणंदची कुस्ती आजून सपलीच न्हाई. माजा गुडगा बरा हू दे, मग बगतो तुला." आणि मांडीवर शड्डू ठोकून त्यानं तिथंच नवं गाणं सुरू केलं, लोणंदचा गुंडा आला फेटा बांधून. अर्धं मैदान हसलं, अर्ध्यानं शिव्या घातल्या. कमिटीची माणसं धावली. गुंडा हात तसाच ठेवून उभा होता, आणि त्याचं तोंड हळूहळू असं फुललं की फेट्याखाली मावेना. पायल मोबाइल उंच धरून सगळं टिपत होती. वस्ताद काठी टेकत उठले आणि थेट घरी गेले.

परवीननं त्या दिवशी नवऱ्याला टोमणा मारला नाही. गुंडाच्या घरची गोष्ट तिनं त्याच्याकडून आदल्या दिवशी काढून घेतली होती. "ताट वाढलंय," एवढंच म्हणाली आणि स्वतः त्याच्यासमोर बसून जेवली.

सकाळी अश्फाक तालमीकडं गेला. आत जायचं नाही हे त्याला माहीत होतं. बाहेरच्या पायरीवर पाय लांब करून बसला आणि आतल्या मातीचा, तेला-हळदीचा वास घेत राहिला. बऱ्याच वेळानं वस्ताद दारात आले. त्यांनी त्याच्याकडं नाही, रस्त्याकडं बघितलं.

"गुंडा जाताना घरी यिऊन माज्या पाया पडला," ते म्हणाले. "एवढा खूश मानूस मी कवा बगितला न्हाई. म्या इचारलं, तर समदं सांगितलं त्यानं."

अश्फाकनं लांब केलेले पाय जवळ घेतले.

"पर नेम तो नेम. हात दिला न्हाईस तू."

"न्हाई दिला."

"मग पाय भायेर ठेव." वस्ताद आत वळले, आणि वळता वळता म्हणाले, "तोंड आत यिऊ दे."

अश्फाक तसाच बसून राहिला. डोळे भरून आले होते ते त्यानं शर्टाच्या बाहीला पुसले. आत एका पोरानं घिस्सा मारायला खाली बसताना उजवा गुडघा वाकडा टेकवला, आणि पायरीवरून आवाज गेला, "आरं गुडगा. गुडगा सांबाळ रं आदी."