वरचं पाणी

“ताकद वरच्या पान्यात असती, खाली नुस्ता चोथा,” असं म्हणत शेजारच्या काकू वरणाच्या पातेल्यात पळी अलगद बुडवायच्या आणि वरचं पिवळं पाणी स्वतःच्या वाटीत घ्यायच्या. वालूरच्या आमच्या गल्लीत हे आहारशास्त्र सगळ्यांना पाठ होतं. तुमच्याही गल्लीत असे तज्ज्ञ असतीलच.

काकांचं डाळीचं दुकान. पोती छताला टेकलेली आणि काकू मात्र वाळल्या शेंगेसारख्या. पोटात गाठ निघाली तेव्हा परभणीचे सर्जन म्हणाले, आधी प्रोटीन वाढवा, नाहीतर ऑपरेशनची जखम भरायची नाही. त्यांनी अंड्याचं नाव काढताच काकूंचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. “मग डाळ खा भरपूर,” डॉक्टर म्हणाले.

काकूंनी आज्ञा तंतोतंत पाळली. दोन्ही वेळा वाटी वाटी पाणी प्यायल्या. घट्ट वरण काकांच्या ताटात आणि उरलंसुरलं आमच्या शेळीला. थोड्याच दिवसांत शेळी ऑपरेशनसाठी अगदी तयार झाली. काकूंना डॉक्टरांनी पुढची तारीख देऊन परत पाठवलं.

मी वैतागलो. “काकू, हे पाण्याचं शास्त्र तुम्हाला शिकवलं कुणी?”

“कुनी न्हाई बाबा,” काकू हसल्या. “मी नांदायला आले तवा दुकान न्हवतं. खानारी लय, डाळ मूठभर. माझ्या वाटीत पानी बगून सासूबाईचा जीव तुटायचा. मग मीच म्हनले, ताकद पान्यातच असती. म्हनून म्हनून मला बी खरं वाटाय लागलं.”

दारात काका उभे होते. जन्मभर घट्ट वरण चापून कमावलेली त्यांची तब्येत मटकन उंबऱ्यावर बसली. त्या दिवसापासून तेच वाढायला लागले.

“गप खा. पानी मी पितो.”

काकू औषध गिळावं तसं तोंड करून खायच्या. मला हसू यायचं आणि रडूही.

पण फार उशीर झाला होता. पुढची तारीख यायच्या आधीच काकू गेल्या. शेळी ठणठणीत आहे.

काका आता आमच्याकडे जेवतात. बायको वरणात पळी घालते तेव्हा ते वाटी पुढे करतात.

“ढवळू नको, पोरी. मला वरचं दे. घट्ट ऱ्हाऊ दे तिला.”

बायको माझ्याकडे बघत राहते. मग मी तिच्या हातातली पळी घेतो आणि वरण तळापासून ढवळतो.