कावळ्याने नेलेला चेंडू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला ऑफिसात होते. हातातलं काम पुरं केलं आणि मगच घाटकोपरला त्याच्या घरी गेले. त्याला हेच पटलं असतं.

माझा हा भाऊ, सदानंद, बावीस वर्षं एका गोल्फ क्लबात कॅडी होता. साहेबांच्या काठ्यांची बॅग वाहायची, चेंडूवर नजर ठेवायची. नियमांचं इंग्रजी पुस्तक त्याने माझ्याकडून वाचून घेतलं आणि पाठ केलं. चेंडूशेजारी नाग निघाला तर? कुत्र्याने पळवला तर? "बोल सुमे, दंड की माफ?" जेवताना विचारायचा. माझं चुकलं की खूश...

एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत त्याच्या साहेबांचा चेंडू सापडेना. तिथले कावळे चेंडू उचलतात. कावळ्याने नेला हे नक्की असेल तर दंड नाही, त्याच जागी दुसरा ठेवायचा. नुसता संशय असेल तर चेंडू हरवला. एक फटका दंड आणि मागे जाऊन पुन्हा मारायचा. साहेब म्हणाले, "सदा, तू पाहिलंस ना?"

"कावळा पाहिला, साहेब. चेंडू नेताना नाही पाहिला."

दुसऱ्या कॅडीने पाहिल्याचं सांगितलं. साहेब जिंकले, दादाचं काम गेलं. मी भांडले, "हो म्हणायला तुझं काय जात होतं रे? कोण बघत होतं?"

"मी होतो ना बघायला!"

मग त्याने माझ्याकडून क्लबाला पत्र लिहून घेतलं : काम परत नको, विजेत्यांच्या फलकावरचं नाव बदला. उत्तर आलं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. काका ओरडले, "शिवला, शिवला! चला."

"कुठे पाहिलात, काका?"

"अगं, असं म्हणायचं असतं."

"दादाच्या बाबतीत नाही."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते नियमात बसतं, म्हणून मी मान्य केलं. मावशी कुजबुजली, "इच्छा राहिली असणार गं त्याची..."

राहिलीच आहे. भेटायला येणारे त्याला भोळा म्हणतात. तो भोळा नव्हता. काय गमावतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

परवा मी तेच पत्र पुन्हा लिहिलं, खाली माझी सही केली आणि क्लबात नेऊन दिलं. पोच मिळेपर्यंत हलले नाही. ती पोच आता त्याच्या पुस्तकात आहे, कावळ्याच्या नियमाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारलेल्या पानावर.