विमानाचं कार्ड, औंढ्याची बस

औंढ्याच्या बसमध्ये शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी माझ्यापुढे मोबाईल धरला. त्यावर विमान कंपन्यांची क्रेडिट कार्डं होती.

"यातलं कोन्तं घेऊ?"

असे सल्ले द्यायला मी टपलेलाच असतो. ऐटीत विचारलं, "वर्षातून किती वेळा विमानानं जाता?"

"एकदाबी न्हाई. मला आपली बसच बरी."

त्या शेंगा सोलत होत्या. दाणे मला देत, टरफलं पदरात ठेवत.

"मग कार्ड काहून घेता?"

"पोरगं बंगलोरला हाय. तिकीट लई महाग, म्हून येता येत न्हाई म्हन्तंय. किराणा, औषधं कार्डावर घेतली की पॉइंट जमतात म्हणं. दुसऱ्याचं तिकीट निघंल असं कार्ड सांगा."

मी सांगितलं. बाईंनी पदर खिडकीबाहेर झटकला.

"तिकीट धाडते. मंग बघते, दुसरं काय कारण काढतंय!"