तेल्हारा जित्तं हाय का?

"जित्ता हाय का?" अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसात पाय ठेवताना भाईजान प्रत्येकाला हेच विचारायचे. नमस्कार नाही, सलाम नाही. आपण "हाव" म्हटलं की मान डोलवून खुर्चीत बसायचे. पहिल्या दिवशी मला रागच आला होता. तुम्हालाही आला असता.

त्यांचा दोष नव्हता, कामच तसलं होतं. गावोगावचे, अगदी परदेशातलेही हौशी लोक इंटरनेटवर आपापला रेडिओ चालवत आणि आम्ही त्या सगळ्यांच्या लिंका एका पानावर गोळा करून लोकांना ऐकवत असू. लिंका मात्र सारख्या मरत. भाईजान दिवसभर एकेक दाबून पाहत आणि पुटपुटत, "हा जित्ता. हा गेला."

मालकांना हे फार मागास वाटलं. मग भाईजाननीच हे काम आपोआप करणारा प्रोग्राम लिहिला. "दरवाजा ठोकला, आवाज आला तं जित्ता. नाही आला तं खुदा हाफिज," एवढंच त्याचं शास्त्र. उत्तर आलं तर लिंकपुढे हिरवा दिवा. काही दिवस सलग आलं नाही, तर लिंक पानावरून गायब. तपासणीची वेळ त्यांनी भरदुपारची ठेवली, कारण तेव्हा सगळे डबे उघडून बसायचे आणि लाइन मोकळी असायची.

आठवडाभरात अख्खं वऱ्हाड मेलं. लंडनचं भजन जित्तं, दुबईची कव्वाली जित्ती, आणि धारणी, तेल्हारा गायब. दुपारी गावांत लोडशेडिंग असतं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर होता ना! पंख्याखाली बसलं की असल्या गोष्टी आठवत नाहीत.

कळलं ते तेल्हाऱ्याच्या गुरुजींच्या फोनवरून. हे निवृत्त मास्तर घरच्याच एका खोलीतून रेडिओ चालवायचे. शेतीत काही राहिलं नाही म्हणून तिकडची पोरं सुरतेला कामाला गेली होती. नवी स्कीम आली की पोरं सिम बदलत, घरच्यांना नंबर ठाऊक नसे. म्हणून गुरुजी रोज संध्याकाळी रेडिओवरून त्यांना घरचे निरोप सांगत, आणि पोरं आमच्या पानावर येऊन ते ऐकत.

"एका पोराची माय दवाखान्यात हाय," गुरुजी म्हणाले. "मी रोज बोंबलून राहिलो, पन कोनी ऐकून नाही राहिलं. तुमी मले जित्तेपनी काहून मारलं?"

भाईजानचा चहा तसाच राहिला. त्यांनी स्वतःच्या हातानं लिंक परत लावली आणि निरोप जाईपर्यंत कानावरचे हेडफोन काढले नाहीत. पोरगा आला, मायलेकांची भेट झाली. भाईजान मात्र मला म्हणाले, "मशीन दरवाजा ठोकते, बाप्पा. घरात मानूस कसा हाय, थे नाही पाहत."

तेव्हापासून रोज त्यांचा तेल्हाऱ्याला एक फोन असे.

"गुरुजी, जित्ते हा का?"

"हाव भाई, जित्ता हावो."

संपला फोन. मी चिडवायचो, "भाईजान, हिरवा दिवा दिसतोय की!"

"दिव्याले काय समजते?"

दिव्याला समजत नव्हतं, पण मशीनला भाईजाननी पुष्कळ समजावलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ठोकून पाहा, वीज यायची वाट पाहा, घाई करू नको. मशीन इतकं शहाणं झालं, की मालक म्हणाले, आता सगळं आपोआप चालतंय, मग माणूस कशाला? एक शाल, एक नारळ, दोन शब्द. भाईजाननी नारळ पिशवीत टाकला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? ते सुरतेला लेकीकडे गेले. त्यांचा जुना नंबर लागेनासा झाला. स्कीम आली असावी.

मग एके दिवशी गुरुजींचा फोन आला. "लिंक बराबर हाय. पन भाईचा फोन काहून नाही येत?"

मी सांगितलं. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता मी रोज संध्याकाळी तेल्हारा लावतो. पोरांचे निरोप संपले की गुरुजी खाकरतात आणि म्हणतात, "सुरतेच्या भाईले निरोप. आमी जित्ते आहो. तुमी हा का?"

रेडिओवर उत्तर येत नसतं, हे गुरुजींना चांगलं ठाऊक आहे. तरी ते थोडा वेळ थांबतात.